भट आमचे, वाघ तिचे

टोरांटो,
20 एप्रिल

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

तिकडं कूलरच्या ताट्या बदलून झाल्या असतील; इकडं अजून अंगावरचा कोट निघालेला नाही. बाकी सर्व खुशाल.

15 एप्रिलला सुरेश भटांची जयंती म्हणून आमच्या बेसमेंटमध्ये मैफल ठेवली. निमंत्रणात रोडगे आणि वांग्याची भाजी लिहिली होती, त्यामुळे साहित्यप्रेमींची गर्दी झाली. गोवऱ्या कुठून आणणार? अंगणात कोळशाच्या शेगडीवर रोडगे भाजले. वरून काळे, आतून कच्चे. पुणेकर म्हणाले, ‘स्मोकी आहेत.’

जेवणानंतर गाणी सुरू झाली. ‘हे हृदयनाथांचं’, ‘हे लताबाईंचं’, ‘हे उंबरठामधलं’ असं सगळं येत होतं. मी विचारलं, ‘अन् लिहिलं कोणी?’ तर मंडळी भाजीत वांगं शोधायला लागली! अरे, इथल्या मंडळाचा एक कार्यक्रम मराठी अभिमानगीताशिवाय सुरू होत नाही. 2010 साली कौशल इनामदारांनी शेकडो गायकांकडून ते गाऊन घेतलं, हे सगळ्यांना पाठ. शब्द अमरावतीच्या माणसाचे, हे सांगितलं तर म्हणतात, ‘हो का?’

मग मी सुटलोच. 1932 चा जन्म, वडील डॉक्टर, लहानपणीच पोलिओनं पाय अधू. गाण्याचा नाद बघून आईनं बाजाची पेटी आणून दिली. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या पेटी वाजवता येईना, तर हाती बासरी आली, आणि हे पोरगं तासन् तास ती वाजवायचं. म्हणून तर पुढं स्वतःची गझल स्वतःच तरन्नुममध्ये म्हणायला त्यांना कुणा संगीतकाराची वाट बघावी लागली नाही. बासरीचं ऐकून सगळे गप्प झाले. एका काकूंनी तर डोळे पुसले, पण तो कांद्याचाही परिणाम असू शकेल.

भट बी.ए.ला दोनदा नापास झाले होते, हे मी माझ्या निकालाच्या दिवशी बाबांना ऐकवलं होतं, आठवतं? बाबा म्हणाले, ‘त्यायनं मंग रूपगंधा लेह्यलं. तुनं काय लेह्यलं?’

लिहिलं होतं ना! ‘एल्गार’ची एकच प्रत आख्ख्या गल्लीत फिरायची आणि भटांनी नवशिक्यांसाठी लिहिलेली ‘गझलेची बाराखडी’ आम्ही सिलॅबसपेक्षा नीट वाचली होती. तासाला बोटांवर मात्रा मोजायच्या. रदीफ म्हणून ‘नाही’ घेतलं की गझल आपोआप निराश व्हायची, मेहनत वाचायची. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो म्हटल्यावर तर मोकळं रानच मिळालं. पहिल्यात प्रेयसी, दुसऱ्यात क्रांती, तिसऱ्यात भारनियमन. भटांच्या नावावर एवढं वाईट काव्य अख्ख्या महाराष्ट्रात झालं नसेल, जेवढं आपल्या मागच्या गल्लीत झालं. तरी वृत्तात होतं, हं!

एवढ्यात आमची अकोलेकरीण उठली. ‘अमरावतीचं पुरे झालं. आमचे विठ्ठल वाघ काय कमी हायेत?’ तिनं कॉलेजात असताना वाघांना मोकळ्या गळ्यानं स्वतःची कविता गाताना ऐकलंय, त्यामुळे तिच्यापुढं कोण बोलणार? ‘अरे संसार संसार’ या 1981 च्या सिनेमातलं त्यांचं तिफणीचं गाणं तिनं असं काही उचललं की बेसमेंटात पाऊस पडायचा बाकी राहिला. धाकटीनं विचारलं, तिफण म्हणजे काय? मी परातीत रवा पसरला, तीन काटे एका रांगेत धरून ओढले. तीन सऱ्या पडल्या. वर चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडायचं, ते नळ्यांतून सरीत पडतं, हे सांगून वाटीतली मोहरी सोडून दाखवली. तो रवा आता चाळतोय.

शेवटी भीमराव पांचाळेंच्या गझला लावल्या. त्यांचं अष्टगाव आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणजे अमरावतीचे दोन झाले. हे मोठ्यानं बोललो नाही. भांडी घासायची होती.

एक काम आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत माझी गझलांची निळी वही असेल. ती रद्दीत गेली असली तर फारच उत्तम. नसली तर घाला.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. दादा, वहिनी, नमस्कार. ह्यायचं पत्र मी पोस्टात टाकाच्या आधी वाचलं. वही रद्दीत घालू नोका, येणाऱ्याच्या हाती पाठवा. त्या गल्लीत कोन राहत होतं, तेवढं मले पाह्यचं हाये.