साडेतीन रुपये शेकडा

नाशिकच्या रामकुंडात अस्थी काही तासांत विरघळतात अशी श्रद्धा आहे; त्यासाठी तिथे अस्थिविलय तीर्थ आहे आणि देशभरातून लोक येतात. कर्ज विरघळवणारे कुंड मात्र गोदाकाठी आजवर कुणाला सापडले नव्हते. ती उणीव मोबाइलमधल्या अर्थगुरूंनी भरून काढली आहे. त्यांचा मंत्र सोपा: ओव्हरड्राफ्टवर व्याज भरताय ना, मग तो उचला आणि बिनव्याजी क्रेडिट कार्डावर टाका. एक बुडी मारायची, की माणूस निर्मळ. आपल्याकडे या विद्येला ‘ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर’ असे जुने नाव आहे. पण टोपीला ‘बॅलन्स ट्रान्स्फर’ म्हटले की तिची हॅट होते.

मंत्र खोटा नाही, विलायती आहे. ब्रिटनच्या नियामकाने 2020 साली ओव्हरड्राफ्टवरचे नाना तऱ्हेचे दंड बंद करून एकच वार्षिक दर लावायला सांगितला, आणि बहुतेक मोठ्या बँकांनी तो 40 टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. त्याच देशात काही कार्डे शून्य टक्क्याने, थोडे शुल्क घेऊन, वर्षभरासाठी पैसे खात्यात वळवू देतात. चाळिसावरून शून्यावर उतरणाऱ्याला शहाणाच म्हणायला हवे. नाशकात जिना उलटा आहे. ठेवीवरची ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, ठेवीच्या दराहून टक्का-दोन टक्के चढी असते, दुकानदाराची सीसी (कॅश क्रेडिट) साधारण 10 ते 13 टक्क्यांत बसते. आणि कार्डाच्या थकबाकीचे व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांच्या घरात जाते, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. तळमजल्यावरचा माणूस उतरायचे म्हणून चौथ्या मजल्याची वाट धरतो, आणि लिफ्ट फुकट आहे म्हणून खूशही होतो.

एक लाखाची ओडी 12 टक्क्यांची धरा. महिन्याचे व्याज हजार रुपये. हीच रक्कम कार्डावर न्यायची तर पहिली अडचण अशी, की आपल्याकडची बॅलन्स ट्रान्स्फर बहुधा एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेते. ओडीला त्या दारातून प्रवेश नाही. मग उरते कार्डाने रोख काढणे. त्याला बिनव्याजी मुदत नसते, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. अडीच टक्के शुल्क धरले तर 2,500, त्यावर कर 450, महिन्याचे व्याज 3,500, त्यावर कर 630. एकूण 7,080 रुपये. हजार वाचवण्याचा हा खर्च. बरे, ओडीलाही प्रवेश मिळाला असे क्षणभर माना: दोन महिने शून्य व्याज, प्रक्रिया शुल्क फक्त 2 टक्के. करासह 2,360 रुपये होतात. ओडीचे दोन महिन्यांचे व्याज होते 2,000. शून्याचा भाव दोन हजारांपेक्षा जास्त निघतो. आर्यभटाला हे सुचले नव्हते. रिझर्व्ह बँकेला मात्र सुचले: सप्टेंबर 2013 मध्येच तिने बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते प्रक्रिया शुल्काच्या वेषात वसूल होते.

या दराचे खरे सौंदर्य गावच्या भाषेत कळते. महिना साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन रुपये शेकडा. हा भाव निफाडच्या पारावर कुणी सांगितला तर लोक त्याला तोंडावर सावकार आणि पाठीमागे बरेच काही म्हणतील. शिवाय तो गुन्हाही ठरेल. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांवर जाता येत नाही. कार्डाला ही मर्यादा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांची रेघ ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 20 डिसेंबर 2024 रोजी पुसली, कारण व्याजदर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे काम. कायद्याने ते बरोबरच असेल. पण कळकट चोपडीवाल्याला अठराची वेसण आणि चकचकीत कार्डाला बेचाळीसचे कुरण, ही प्रगती डोळे भरून पाहण्यासारखी आहे.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याला तर खरोखरच शून्य टक्क्याने मिळते, आणि त्याच्याही हातात किसान क्रेडिट कार्डच असते. मिळते. 2021-22 पासून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर त्याला व्याज पडत नाही. पण ते व्याज नाहीसे होत नाही. केंद्र आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य मिळून ते भरतात. तुमच्या कार्डामागे असा कुठला पंजाबराव उभा आहे? शिवाय त्या शून्यातही ‘वेळेत’ हा शब्द आहे. तो पाळण्यासाठी कित्येकजण चार दिवसांपुरते इकडून-तिकडून पैसे उचलून कर्ज भरतात आणि नवे काढून तेच परत करतात. याला नवं-जुनं म्हणतात. कॉलेज रोडवरचा सुशिक्षित या नवं-जुन्याला हसतो, आणि घरी जाऊन ॲपवर तेच करतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, तो मान्य करू. घरखर्च कार्डावर करायचा, पगार तोवर ओडीच्या खात्यात पडू द्यायचा, आणि तारखेला कार्डाची पूर्ण रक्कम भरायची. ओडीचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, त्यामुळे 40 हजार महिनाभर थांबले तर 12 टक्क्यांनी 400 रुपये सुटतात. दोघा-तिघांची मिसळ निघते, नाकारण्यात अर्थ नाही. पण तारीख चुकली, किंवा ‘किमान रक्कम’ या गोड शब्दाला भुलून पाच टक्केच भरले, की उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि नव्या खरेदीचेही बिनव्याजी दिवस जातात. शिस्तीच्या माणसाला हे जमेल, असे सल्लागार सांगतात. शिस्तीच्या माणसाची ओडी सहसा एवढी साचलेली नसते, ही गोष्ट तेवढी ते सांगत नाहीत.

तेव्हा ओडी आहे तिथेच राहू द्या, पगारही तिथेच पडू द्या. आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर बारीक अक्षरांत महिन्याचा दर छापलेला असतो, त्याला आज एकदा बाराने गुणून पाहा.