फॉर्मॅटभाऊ

पोंभुर्ण्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं बरीच आहेत. ज्याच्या दाराशी चपलांचा ढीग सगळ्यात मोठा, ते फॉर्मॅटभाऊचं दुकान समजावं. धान खरेदीची नोंदणी, सातबारा, गोंडवाना विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म यांवर त्याचं घर चालतं. जीव मात्र जुन्या लॅपटॉपांत. खरं नाव बायकोला आणि बँकेला ठाऊक. असा एक भाऊ मूलला सापडेल, एक गोंडपिपरीला. तालुका झाला की तहसील कार्यालयाच्या पाठोपाठ तो येतोच.

लॅपटॉप हळू चालतो? फॉर्मॅट. चार्जिंग होत नाही? फॉर्मॅट. की-बोर्डवर चहा सांडला? "अगोदर फॉर्मॅट मारून पाहू जी, मग बाकीचं."

माल तो नागपूरहून आणतो. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप लॉटनं काढतात आणि दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून ते त्याच्यापर्यंत पोचतात. विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला काढून घेतला, तेव्हा अख्ख्या दुनियेनं कपाळाला आठ्या घातल्या. भाऊ खूश झाला. "आता पहा, कसा माल येऊन राहिला." गिऱ्हाइकाला सांगताना आवाज खाली आणतो, "साहेबाच्या हातचा आहे. एसीत वाढलेला." मग लॅपटॉप उलटा करून पोटावरचा कंपनीचा स्टिकर ब्लेडनं खरवडतो. बारकोड निघतो, डिंक राहतो, आणि त्या चिकट चौकोनात 'प्रॉपर्टी ऑफ' एवढे दोन शब्द हमखास शाबूत राहतात. कोणाची प्रॉपर्टी, ते नखाखाली गेलेलं असतं.

असाच एक लॅपटॉप त्यानं एका धानवाल्या काकाजीला पोरीसाठी दिला. सेटअप केला त्या दिवशी गावात नेट नव्हतं, त्यामुळे मशीन निमूट सुरू झालं. पोरगी तो घेऊन गडचिरोलीला होस्टेलवर गेली. भाऊनं भरलेला फुकटचा कचरा तिला नको होता. तिनं स्वतःच रिसेट मारला, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर बंगळूरच्या एका कंपनीचं नाव उमटलं. खाली रकाना : ऑफिसचा ईमेल टाका.

शनिवारी बापलेक दुकानात हजर.

"फॉर्मॅट मारून देतो," भाऊ म्हणाला. मारला. कंपनी आली. हार्ड डिस्क बदलली. कंपनी आली. पुन्हा फॉर्मॅट मारला, या वेळी अगरबत्ती लावून. कंपनीनं पुन्हा स्वागत केलं.

येणारच. हे नाव डिस्कवर नसतंच. मशीनच्या अंगच्या खुणा कंपनीनं मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवलेल्या असतात. या सोयीला ऑटोपायलट म्हणतात, ती 2017 पासून आहे. ॲपलनं तर 2014 मध्येच तसं केलं, तिथं मॅकचा सिरियल नंबर धरतात. कोरं मशीन नेटवर आलं की पहिल्याछूट वर विचारतं, मी कोणाचा? आणि वरून उत्तर येतं. लॉट विकताना कंपनीतल्या माणसानं यादीतून नाव काढायचं असतं. तो विसरतो, किंवा नोकरी सोडून गेलेला असतो.

पोरीनं मोबाइलवर वाचलेलं हे सगळं बापाला सांगितलं. भाऊ मान हलवत होता, पण ती नकाराची की होकाराची, ते कळत नव्हतं. काकाजींनी सुपारी कातरता कातरता ऐकलं.

"म्हणजे सातबाऱ्यावर बोजा आहे म्हणा ना."

"तसंच जी."

"मंग तू कायले नांगरून राहिला? नांगरल्यानं बोजा उतरते का?"

दुकानात हशा पिकला. भाऊ हसला नाही. अनेक वर्षं लोकांचे बोजे उतरवायचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचं त्याला लागलं असावं. त्यानं खुर्ची ओढली आणि बंगळूरला ईमेल लिहायला घेतला. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : लॅपटॉप आपल्या ताब्यातून मुक्त करणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये सविनय सादर...' सोबत आधारची छायांकित प्रत आणि, पोरगी नको नको म्हणत असताना, रहिवासी दाखला.

कंपनीचं उत्तर चक्क आलं. सिरियल नंबर आणि खरेदीचं बिल पाठवा. नंबर होता. बिल म्हणजे नागपूरच्या व्यापाऱ्यानं वहीचं पान फाडून दिलेली चिठ्ठी : 'डब्बा, नग 1. परत घेतला जाणार नाही.' भाऊनं तीही स्कॅन करून पाठवली, वर दुकानाचा शिक्का मारून.

"उत्तर येईल जी आठ दिवसांत," तो काकाजींना म्हणाला.

"येऊ दे ना. तोवर तुझा दे. पोरीची परीक्षा आहे." आणि काकाजींनी काउंटरवरचा भाऊचा स्वतःचा लॅपटॉप, चार्जरसकट, पिशवीत घातला.

धान नोंदणीची रांग तेव्हा दारापर्यंत होती. भाऊनं मोबाइल काढला, पोर्टल उघडलं, दोन बोटांनी अक्षरं मोठी करून पाहिली, आणि रांगेकडे न बघता म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे जी आज."