इस्त्रीचा पाट: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

शिवणकामाच्या खोलीसाठी इस्त्रीचा पाट करायचा, तर आधी शिवणकामाची खोली असावी लागते. नसल्यास हॉलचा कोपरा, बाल्कनी किंवा पलंग आणि कपाट यांमधली फट, यांपैकी जे घरच्यांनी अजून बळकावलेले नसेल त्याला खोली म्हणावे.

नंतर 18 एमएम प्लायवूडचा दोन बाय तीन फुटी तुकडा मिळवावा. पूर्ण शीट आठ बाय चारची येते. दुकानदार तुकडा देत नसेल, तर सोसायटीत कोणाचे किचन नव्याने होते आहे का, ते पाहावे. कोणाचे ना कोणाचे होतच असते. सनमायका लावलेला तुकडा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यात वाफ मुरत नाही आणि वरची गादी ओलसर राहते.

आता गादी. इथे नवशिक्या हमखास फोम आणतो. गादी म्हटल्यावर त्याला झोप आठवते, त्याला कोण काय करणार! फोमवर इस्त्री दाबली की ती शिवणीसकट खाली जाते, उचलली की शिवण पुन्हा वर येते आणि माया होती तशीच उभी. शिवाय तापत्या इस्त्रीने फोम खराब होतो तो वेगळाच. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचे टेबल बघा: लाकूड, त्यावर घडी घातलेले घोंगडे, त्यावर सुती चादर. झाले.

घोंगडी लोकरीचीच हवी. लोकर वाफ पिते, ऊब धरते, वितळत नाही. ‘शंभर टक्के लोकर’ या चिठ्ठीवर विसंबू नये. काठाचा एक धागा उपटून चिमट्यात धरावा आणि पेटवावा. केस जळल्याचा वास आला, गार झाल्यावर बोटांत चुरडून भुगा झाला, तर लोकर. टणक मणी झाला, तर पॉलिस्टर. घोंगडी आजेसासूबाईंची असल्यास हा प्रयोग त्या देवळात गेल्यावर करावा.

वरून मांजरपाट. छापील फुलाफुलांचे कापड देखणे दिसते. वाफ लागली की तीच फुले पांढऱ्या ब्लाउजवर उतरू शकतात. मांजरपाट आधी भिजवून वाळवावा. तो आटणारच, तेव्हा बादलीत आटलेला बरा.

कापड पालथे, त्यावर घोंगडी, त्यावर प्लाय. चारी बाजूंना चार-चार बोटे कापड सोडावे. स्टेपल गनने आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर, समोरासमोर, एकेक पिन मारावी. मग कापड ताणत कोपऱ्यांकडे सरकावे. एका टोकापासून सुरुवात करणाऱ्याला दुसऱ्या टोकाला एक चुणी बक्षीस मिळते.

पाट मशीनशेजारी, साधारण स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीवर ठेवावा. लांब ठेवला की उठायचा कंटाळा येतो, आणि कटोरीची जोड न दाबताच पुढची शिवण घातली जाते. मग ब्लाउज घरी शिवलेला दिसतो. शिवणीवर इस्त्री फिरवायची नसते. ठेवायची, दाबायची, उचलायची.

घरात नवी सपाट जागा झाल्याची बातमी लगेच पसरते. वर्तमानपत्र येते, चष्मा येतो, पाठोपाठ ‘इस्त्री तापलीच आहे तर’ म्हणत चार शर्ट येतात. शर्टवाल्यांना लाँड्रीचा दर सांगावा. मांजरपाट डागाळला, तर पिना उपटून तेवढाच बदलावा. खालची घोंगडी बदलावी लागत नाही.