पेट्रोल पूर्ण जळालं, पुढे काय?

जळगावच्या पिंप्राळ्यात कुठल्याही गॅरेजसमोर उभे राहा, एकच रडगाणं: अ‍ॅव्हरेज पडलं. आणि एकच उपाय: भाऊ, हे औषध टाकीत टाका, सगळं पेट्रोल जळेल.

मग आजवर काय जळत होतं?

धडधाकट इंजिनात ९५ टक्क्यांहून जास्त पेट्रोल जळतंच. न जळता उरणार दोन-चार टक्के. मग औषध टाकून किंवा पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून तीस टक्के बचत येणार कुठून? तुमचेच पैसे विकणाऱ्याच्या गल्ल्यात जातात.

खरी गळती ज्वलनानंतरची. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले जेमतेम पंचवीस-तीस रुपये चाकापर्यंत पोचतात. बाकी सगळी उष्णता. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांना टेकलेलं असतं आणि आपण पदरचे पैसे घालून ते आणखी तापवत असतो.

आता कार्बनचं बोलू.

पेट्रोल अर्धवट जळालं की विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. नीट जळालं की कार्बन डायऑक्साइड. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण त्याच्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि सुमारे २.३ किलो डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्ण ज्वलनाने विष घटतं, पृथ्वी तापवणारा वायू नाही. तो घटवायचा तर पेट्रोलच कमी जाळायला हवं.

पीयूसीत याचा हिशेब आहे? नाही. तिथे मर्यादा मोनॉक्साइडला आणि हायड्रोकार्बनला. डायऑक्साइड कितीही सोडा, कागद मिळतो.

आणि सायलेन्सरात नळी न घालता, नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवर मिळालेला कागद? तो दहा हजारांपर्यंतचा दंड टाळतो, दमा टाळत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. दुचाकीचा कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. एक सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण राखायला मदत करतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हेच प्रमाण मानवतं. इतकी मेहनत, आणि आपली पोरं करतात काय? कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवतात.

कन्व्हर्टर भंगारात. धूर रिक्षातल्या तान्ह्या बाळाच्या नाकात.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं तरी नीट सांगाल का कोणी? लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिश्रणाने जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के, दुचाकीचं ३-४ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच आहे. इथेनॉलचा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, हा फायदा खरा. पण त्यातून खत, उसाला उपसलेलं पाणी आणि कारखान्याची वाफ वजा करायला हवी. ऊर्जा कमी तर लिटरचा भावही कमी हवा. ग्राहकाने एवढं मागणं गैर आहे?

आपल्या हातात असलेलं सगळं स्वस्त आहे. टायरची हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेला प्लग. रेल्वे फाटक पडलं की किल्ली फिरवा. समोर मालगाडीचे डबे संपत नाहीत आणि रांगेतली निम्मी इंजिनं धडधडत असतात. कुणासाठी?

पण हवा भरून भरून किती वाचणार? दूध आणायला गाडी, क्लासला गाडी, स्टेशनला गाडी. नाइलाज आहे, कारण भरवशाची शहर बस नाही. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेच्या यादीत जळगावचं नाव आहे. यादीतलं नाव रस्त्यावर दिसलं पाहिजे.

मत मागायला कोणीही दारात आलं, की इंजिनाचं औषध राहू द्या, एवढंच विचारा: पिंप्राळ्याहून पहिली बस किती वाजता, आणि त्यानंतरची किती मिनिटांनी?