नुकतेच काय वाचलेत? : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सुरुवात अनुवादित कवितेपासून करावी. तिथे भांडण होत नाही. समोरच्याला फारसी येत नसते, तुम्हालाही येत नसते. रुबायांचा विषय काढून माधव जूलियनांचे नाव घ्यावे. ते फारसीचे प्राध्यापक. त्यांनी मूळ फारसीवरून उमर खय्याम मराठीत आणला आणि 'द्राक्षकन्या' मात्र फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून केली. एवढ्या भांडवलावर 'मला बाई फारसीवरूनच केलेली जास्त भावली' म्हणता येते. का, असे कोणी विचारलेच तर 'लय' म्हणावे आणि पाणी प्यावे.

'मेघदूत' जपून. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके, सगळ्यांनीच ते मराठीत आणले आहे आणि सरस कोणाचे हे विचारणारा प्रत्येक बैठकीत असतो. शिवाय एक निवृत्त संस्कृत शिक्षक मंदाक्रांता म्हणून दाखवायला टपलेले असतात. त्यांना म्हणू द्यावे. तेवढ्यात चहा येतो. तरीही गाडी तुमच्यावर आलीच, तर देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, याची आठवण करून द्यावी. मंडळी यक्षाला रामगिरीवर सोडून मुदत ठेवींच्या व्याजाकडे वळतात.

हायकूंचे पुस्तक सरळ वाचून टाकावे. मत तयार करण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

खरी परीक्षा हलक्याफुलक्या वाचनाची, कारण ते सगळ्यांनी खरोखर वाचलेले असते. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार किंवा काळा पहाड यांच्याबद्दल चुकीचे बोललात तर कोपऱ्यातले आजोबा काठी आपटून दुरुस्ती करतात. 'दुनियादारी'वर सिनेमा पाहून बोलू नये. शिरवळकरांचे जुने वाचक दुसऱ्या वाक्याला ओळखतात. आणि अशी कादंबरी आवडली असे थेट म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. 'तापात पडल्या पडल्या चाळली', 'एसटीत शेजारच्याकडे होती' असे काहीतरी लावावे लागते. रात्री दोनपर्यंत जागून संपवली हे सांगू नये. (रुबाया वाचत दोनपर्यंत जागलेला मनुष्य मला अजून भेटायचा आहे.)

सराव वाचनालयात करावा. रहस्यकथेच्या बाराव्या पानावर पेन्सिलीने बाण काढून 'हाच खुनी' लिहिलेले असते. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'मुळीच नाही, डॉक्टर'. त्याखाली निळ्या शाईत 'गाढवांनो, पुढे वाचा'. तिघांनी पुस्तक वाचलेले आहे, तिघांना मत आहे आणि एकानेही 'लय' म्हटलेले नाही. शनिवारच्या पुरवण्यांत इतके नेमके परीक्षण क्वचित सापडते.

शेवटची सूचना स्तुतीबद्दल. पुस्तक उत्तम आहे म्हणालात की ऐकणारा 'देता का दोन दिवस?' म्हणतो आणि ते पुस्तक पुढे त्याच्या कपाटात म्हातारे होते. तेव्हा स्वतःच्या मालकीच्या पुस्तकांना 'ठीक आहे हो' म्हणावे. वाचनालयाच्या पुस्तकांची हवी तेवढी तारीफ करावी.