रानकॉफीचा उतारा

एखाद्या झाडाचा औषधी गुण गावभर झाला की त्या झाडाचे दिवस भरत आले असं खुशाल समजावं. करोनाच्या काळात गुळवेलीचं काय झालं ते आपण पाहिलंच. कुंपणावर चढलेली वेल ज्यांना जन्मात दिसली नव्हती, तेच कोयते घेऊन फिरत होते. गुळवेल चिवट म्हणून तगली. रॉड्रिग्ज बेटावरच्या रानकॉफीची ख्याती मात्र नेमकी तिचं एकच झाड उरलेलं असताना पसरली.

रॉड्रिग्ज म्हणजे हिंदी महासागरातलं जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं बेट. राज्य मॉरिशसचं, पण मॉरिशसपासून साडेपाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला. मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतात, म्हणून ते नाव तरी आपल्या कानावर असतं. रॉड्रिग्जला कोण विचारतो? तिथल्या रानातलं हे छोटं झाड कॉफीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या अनंताचं आणि कदंबाचं भाऊबंद. पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची फुलं, तकतकीत हिरवी पानं. तिथले लोक त्याला ‘काफे मारॉं’ म्हणतात.

त्याची खरी गंमत बालपणात आहे. रोप लहान असतं तेव्हा पानं लांबोडकी, अरुंद, तपकिरी. बघणाऱ्याला वाटावं, गेलं बिचारं. हे सोंग कासवांसाठी, असं अभ्यासकांचं मत आहे. बेटावर तेव्हा महाकाय कासवांचं राज्य होतं. 1691 मध्ये तिथे येऊन राहिलेल्या फ्रांस्वा लगानं लिहून ठेवलंय की, त्यांच्या कळपावरून जमिनीला पाय न लावता शंभरेक पावलं चालत जाता येई. एवढ्या तोंडांपुढे कोवळं हिरवं पान मिरवणं म्हणजे आत्मघातच. कासवाची मान पोचणार नाही इतकी उंची गाठली, की मगच झाड आपली खरी पानं बाहेर काढणार. पुढे जहाजवाल्यांनी ती कासवं भरभरून नेली, खाल्ली आणि 1800 च्या आसपास ती संपली. झाडाला हे कुणी कळवलेलं नाही. सावकार मरून दोनशे वर्षं झाली, तरी हा आपला दार लावून, घरात कुणी नाही असं भासवत बसलाय.

आणि माणसाविरुद्ध? माणसाविरुद्ध काही म्हणजे काहीच तयारी नाही. जंगल तुटलं, शेळ्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे झाड नामशेष झालं असं सगळ्यांनी धरून टाकलं. मग 1980 च्या सुमारास एका शिक्षकानं वर्गात बेटावरच्या दुर्मीळ झाडांची चित्रं दाखवली आणि एक मुलगा रस्त्याकडेच्या झाडाची फांदी घेऊन आला. वनस्पतिशास्त्रज्ञांना आनंद झाला. गावकऱ्यांनाही झाला, पण वेगळ्या कारणानं: याचा पाला रात्रीच्या जास्त झालेल्या दारूवर उतारा, शिवाय गुप्तरोगांवर गुणकारी, अशी तिथली समजूत. झाडाभोवती कुंपण घातलं, तर लोकांची उत्सुकता वाढली. ज्याला सरकार कुंपण घालतं त्यात काहीतरी असणारच! पुन्हा कुंपण, पुन्हा उड्या. तोडलेल्या फांद्यांतून झाड बापडं फुटत राहिलं.

1986 मध्ये त्याच्या काटक्या विमानानं लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या. तिथे कलम जगलं, फुललंही भरपूर; पण फळ धरेना, आणि बीच नसेल तर कलमांवर कलमं करून शेवटी एकच झाड किती जागी ठेवणार? या प्रश्नापाशी सतरा वर्षं गेली. 2003 मध्ये कार्लोस माग्दालेना या तिथल्या स्पॅनिश माळ्यानं फुलांच्या कुक्षीचं टोक छाटून त्या कापावर परागकण ठेवायला सुरुवात केली. जातिवंत माळ्याशिवाय असला हट्टीपणा कुणाला सुचावा? बऱ्याच फुलांवर सुरी चालवून झाल्यावर एक फळ धरलं. त्यातून बी, बियांतून रोपं. आणि पुढे ही संतती रॉड्रिग्जला परतलीसुद्धा.

आता तिथे पुन्हा कुंपणं घालत बसावं, असं मला काही वाटत नाही. डोकं धरून पहाटे येणाऱ्या माणसाला तारेच्या जाळीनं आजवर कुठे थोपवलंय? त्यापेक्षा रोपं पुरेशी झाली की बेटावरच्या प्रत्येक गुत्त्यामागे दोन-दोन लावून टाकावीत. पाणी घालायची जबाबदारी गिऱ्हाइकांची.