नानांचा जंतू

मोरा बंदरात ओहोटी लागली की दोन गोष्टी गाळात रुततात : भाऊच्या धक्क्याची लाँच आणि नानांच्या तावडीत सापडलेला माणूस. लाँचला निदान भरतीची आशा असते.

मासळी निर्यातीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून नाना निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण नाकाचा चार्ज त्यांनी अजून कुणाकडे सोपवलेला नाही. पंगतीत ते आधी वाटी हुंगतात, मग यजमानाकडे बघतात. एकदा पुतण्याने कौतुकाने हवा काढून सीलबंद केलेलं सुरमईचं पाकीट आणलं. नानांनी ते मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं दोन बोटांत धरलं.

"हवा काढलीस म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमला बंगला बांधून दिलास! त्याला हवा नकोच असते. मासळीतली त्याची एक जात तर तीन-चार अंशांवर, तुझ्या फ्रीजमध्येसुद्धा वाढते. आणि वासही येईलच असं नाही."

वासाचं सांगताना त्यांचा आवाज कापतो. ज्याने जन्मभर नाकावर भाकरी कमावली, त्याचा हा जातीने अपमानच की.

1895 साली बेल्जियममध्ये अंत्यविधीला वाजवायला गेलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं, तिघे दगावले आणि त्यातूनच व्हॅन एर्मेंगेमला हा जंतू सापडला. ही गोष्ट नाना नेमकी तेराव्याच्या जेवणात सांगतात. 1996 सालची मात्र हळू आवाजात सांगतात : गुजरातेत वसतिगृहातली मुलं याच तऱ्हेच्या विषबाधेने आजारी पडली, तिघं गेली. जंतू याचा भाऊबंद, ब्युटिरिकम. आणि तो मिळाला शेवेत. शेव! त्या दिवसापासून नाना भेळेकडे पाठ करून उभे राहतात. इथे मला त्यांना हसता येत नाही.

पण त्यांची खरी कळी खुलते ती विष काढलेल्या जंतूवर.

"एखाद्या डब्यात हा वाढेल का, हे बघायचं तर तो मुद्दाम अन्नात सोडायला हवा. सोडणार कोण? मग वर्षानुवर्षं त्याच्या गरीब भावाला, स्पोरोजेनिसला उभं करायचे. पण भाऊ तो भाऊच. शेवटी 2010 साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ब्रॅडशॉ वगैरे मंडळींनी खऱ्याच जंतूच्या विषाच्या जनुकात मधोमध पाचर मारली. वाढ तीच, बीजाणू तेच, उकळत्या पाण्याला न जुमानणारे. फक्त विष तयार होत नाही. आता घाला खुशाल अन्नात आणि बघा!"

"नाना," टोपली पुढे सरकवत कोळीण विचारते, "मावरं घेनार का भाषन देनार?"

घरी मात्र नाना धर्मसंकटात असतात. काकूंचं कोलंबीचं लोणचं उरणपर्यंत प्रसिद्ध. वर बोटभर तेल, म्हणजे खाली हवा नाही. वाचवतं काय, तर व्हिनेगर, पीएच 4.6च्या खाली असला की या जंतूची डाळ शिजत नाही. काकू व्हिनेगर ओततात ते अंदाजाने, तेही शेजारणीशी बोलता बोलता. म्हणून दर नव्या बरणीत नाना रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवतात आणि वहीत तारीख घालून आकडा लिहितात. काकूंचा हात एकदाही 4.2च्या वर गेलेला नाही. हे कळूनही नाना पट्टी बुडवतातच, आणि काकू त्यांना बुडवू देतात.

परवा पट्टी वाळेपर्यंत त्यांनी मला विस्कॉन्सिन पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं. काकू ओट्याशी कोलंबी सोलत होत्या.

"म्हणजे गुरगुर तीच, ताठाही तोच," मागे न वळता त्या म्हणाल्या, "फक्त कुणाला काही होत नाही. रिटायर झालाय म्हणा की."

नाना काही बोलले नाहीत. पट्टी खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"तीन पॉइंट नऊ," म्हणाले आणि ताट पुढे केलं.